देशी, विदेशी आणि हुर्राक

वसंत आल्याची खूण प्रत्येक वस्तीची निराळी असते. आमच्या गोकुळ रोडला ती दोन वाटांनी कळते. धारवाडी आपूस बाजारात येऊ लागतो, ही एक. आणि बसस्थानकावर गोव्याच्या गाडीतून उतरलेली मंडळी आवाज किंचित खाली आणून "हुर्राक सुरू झाला" असे एकमेकांना सांगू लागतात, ही दुसरी. आंबा प्रत्यक्ष येतो. हुर्राकची मात्र नुसती वार्ता येते. अनमोडचा घाट चढून परवान्याविना इकडे यायची त्याला सोय नाही. आम्ही पडलो चहाबाज. आमचे कुतूहल त्याच्या चवीपेक्षा त्याच्या नावागावाविषयी अधिक, आणि हा लेखही त्या नावागावाविषयीच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. काजूचे बोंड झाडावरून तोडायचे नसते. पिकून आपोआप गळून पडेल तेच वेचायचे. बी वेगळी काढून बोंडे तुडवायची. पूर्वी यासाठी खडकातच कुंड कोरलेले असे. तुडवून उरलेल्या चोथ्यावर धोंडा ठेवला की जो स्वच्छ, गोड रस ठिबकतो तो निरो. तो पोरेबाळेही पितात. तुडवताना निघालेला रस मात्र मडक्यांत दोन-तीन दिवस आंबतो. त्यात साखर घालावी लागत नाही, खमीर लावावे लागत नाही. मग तो भट्टीवर चढतो. पहिल्या उकळीचा जो अर्क तो हुर्राक. तो सौम्य असतो, त्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के. हाच हुर्राक रसाबरोबर पुन्हा भट्टीवर चढला की फेणी होते, आणि तिचे प्रमाण बेचाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुर्राकचे आयुष्य एका ऋतूचे. मार्चमध्ये यायचे, लिंबू, मीठ, लिमका आणि उभी चिरलेली हिरवी मिरची यांच्या संगतीत दोन-तीन महिने काढायचे आणि मृगाच्या पावसाआधी निरोप घ्यायचा. अलीकडे बंगळूरच्या मद्यगृहांत उन्हाळ्यापुरती आंब्याची बीअर येते आणि तिच्या आगमनाचे कौतुक होते. हुर्राकच्या पुनरागमनाचा हा सोहळा गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. फक्त त्याची जाहिरात कुणी केली नाही.

आता नावाकडे वळू. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली तिथला अबकारी कायदा झाला आणि त्याच्या वर्गवारीत फेणी 'देशी दारू'च्या रांगेत बसली. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे शँपेन म्हणावे ते शँपेन प्रांतातले, तसे गोव्याची काजू फेणी म्हणावे ते गोव्यातलेच, हे देशाच्या एका कायद्याने मान्य केले. तरी दुसऱ्या कायद्याच्या लेखी ती 'देशी'च राहिली. अखेर २०१६ साली गोव्याने आपला कायदा दुरुस्त करून तिला वारशाच्या पेयाचा दर्जा दिला. मात्र मद्य हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला असल्याने एका राज्याने दिलेला मान दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर चालेलच असे नाही.

'देशी' या शब्दाचे आम्हाला नेहमी नवल वाटत आले आहे. तूप देशी, गाय देशी, गुलाब देशी म्हटले की ऊर भरून येतो. दारूपुढे तोच शब्द लावला की माणसे नाक मुरडतात. त्याच्या जोडीला 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हा आपल्या अबकारी खात्यांचा अपूर्व शब्दप्रयोग. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात रंग आणि स्वाद मिसळून केलेली 'व्हिस्की' या विदेशी वर्गात सन्मानाने बसते. वस्तुतः युरोपच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते. तिथे या बाटलीला ते नाव लावता येणार नाही. म्हणजे परदेशात जिला विदेशी म्हणून कुणी ओळखणार नाही ती इथे विदेशी, आणि ज्या फळाचा रस समोरच्या डोंगरावर निघाला ते देशी म्हणून खालच्या पंगतीला. महाराष्ट्राने एप्रिल २०२२मध्ये यावर जो तोडगा काढला तो तर विनोदी लेखकालाही सुचला नसता. काजूबोंडे, मोहाची फुले अशा स्थानिक फळाफुलांपासून केलेल्या मद्याची प्रतिष्ठा वाढावी म्हणून मंत्रिमंडळाने त्याचा 'देशी' दर्जा काढून त्याला 'विदेशी मद्य' या वर्गात घालण्याचे ठरवले! दोडामार्गच्या बागायतदाराला यातून चार पैसे अधिक मिळणार असतील तर आमची तक्रार नाही. पण देशी वस्तूचा मान राखायला तिला विदेशी म्हणावे लागावे, यावर जरा थांबून विचार करावा असे वाटते.

हा घोळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वजनाने चार टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या बीअरला लेबलावर 'बीअर' म्हणायची बंदी होती. ती एल नसली तरी तिला 'एल' किंवा 'माल्ट लिकर' म्हणावे लागे. छोट्या मद्यनिर्मात्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २०११मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द केला. शासनाने विक्रेत्याकडून खोटे वदवून घेऊ नये, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे.

आपल्या भागाला अशा शब्दांच्या हद्दी नव्या नाहीत. धारवाड जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली आणि पलीकडच्या पोर्तुगीज गोव्यात मात्र ती नव्हती. हुबळीहून मार्मागोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर कॅसलरॉकला जकातीची झडती होई. ते नाव जुन्या मंडळींच्या कानात अजून असेल. त्याच दारूबंदीच्या काळात घरोघरच्या फडताळांत द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट सुखाने नांदत होते. आसव-अरिष्टांत किण्वनाने मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, आणि आजच्या बाटलीवर त्याचे प्रमाणही छापलेले असते. दारू हा शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारू न देणाऱ्या आज्या जेवणानंतर दोन चमचे अरिष्ट समभाग पाण्यातून घेत, आणि ते औषधच होते यात आम्हाला शंका नाही. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानेही १९५१ साली बालसारा खटल्यात अवाजवी ठरवली होती.

तरीही लेबलाला हसून चालणार नाही. १९८१ साली बंगळुरात विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे मेली. त्या दारूवर ती कशाची आहे, कुणी केली, हे सांगणारी चिठ्ठी नव्हती. पुढे १ जुलै २००७पासून कर्नाटकाने सारायी बंद केली, आणि ज्या बायकांनी ती बंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षे टाहो फोडला होता त्यांचे दुःख खरे होते. आजच्या नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर मद्यपान आरोग्यास घातक असल्याची आणि पिऊन वाहन न चालवण्याची सूचना असते. लेबलावरच्या साऱ्या मजकुरात ते वाक्य आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटते.

हुर्राकपुढचा पेच इथेच आहे. बहुतेक हुर्राक आजही पाण्याच्या जुन्या बाटलीत, चिठ्ठीविना, भट्टीवाल्याच्या ओळखीवर विकला जातो. ओळख असेपर्यंत ती चिठ्ठीहून भक्कम असते. भट्टीवाल्याचा बापही ठाऊक असतो आणि त्याची बागही. पण ओळखीचे गिऱ्हाईक सरून अनोळखी प्रवासी आला की त्याच बाटलीत काहीही भरता येते. खऱ्या भट्टीवाल्याने पहाटे उठून वेचलेल्या बोंडांची किंमत मग स्वस्त मद्यार्कात सुवास मिसळणाऱ्याच्या दराने ठरते. चिठ्ठी हवी ती यासाठी. कोणत्या फळाचा, कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, किती जहाल आणि कुणाच्या हातचा, एवढे तिने सांगावे. देशी की विदेशी हा पंक्तिभेद तिने करू नये.

कारण तो भेद खरा नसतोच. ज्या काजूवरून हा सारा खटाटोप, ते झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. आणि त्याच्या अर्काला नाव मिळाले ते मात्र आपल्या 'फेन' या संस्कृत शब्दावरून आलेले. परक्या झाडाने इथल्या मातीत मूळ धरले, इथला शब्द अंगावर घेतला, आणि आज त्याला परके म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज पेशवाईच्या अमदानीत या मुलखात आले, कुणाचे सदर्न मराठा रेल्वेच्या नोकरीने. घर न हलवता आपण मुंबई राज्याचे म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ साली त्याचे कर्नाटक झाले, २०१४ साली हुबळीची हुब्बळ्ळी झाली. पत्रावरचा पत्ता बदलत गेला. घरात मराठी राहिली, अंगणात कन्नड. इकडे आपल्याला तिकडचे म्हणतात, तिकडे गेलो की इकडचे. काजूच्या झाडाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही, आणि फाल्गुन सरताना त्याची बोंडे घाटाच्या दोन्ही अंगांना सारखीच पिकतात.