उन्हात आंधळी होणारी गाडी

आमच्या घरात तीन भाषा नांदतात. बोलायची मराठी, धाकट्याच्या शाळेची कन्नड आणि सगळ्यांचा जीव जिच्यात अडकलेला असतो ती इंग्रजी. रविवारची मिस्सा कन्नडमध्ये, घरी आल्यावर भांडण मराठीत. बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात यात नवल काही नाही. १९५६ साली आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण घरातली भाषा कुणी कागदावर सही करून बदलत नाही.

धाकटा नववीत आहे. त्याच्या शाळेत रोबोटिक्सची खोली झाली. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांमध्ये टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीची मुलं, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. अशा १०,००० लॅब झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. आकडा मोठाच आहे. पण शेवटी सगळं एका किल्लीवर येतं, आणि ती किल्ली कुणाच्या खिशात आहे यावर. धाकट्याला ती आठवड्यातून एकदा मिळायची. बाकीचे दिवस त्याची लॅब म्हणजे आमची ओसरी.

तिथे त्याने रेषेवरून चालणारी गाडी बनवली. पांढऱ्या चार्टपेपरवर काळी चिकटपट्टी, गाडीच्या पोटाखाली दोन सेन्सर. सेन्सर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली टाकतो. पांढरा कागद तो परत पाठवतो, काळी पट्टी गिळून टाकते. एवढ्यावरून गाडीला कळतं की आपण रेषेवर आहोत की नाही. संध्याकाळी ती शहाण्यासारखी चालायची आणि दुपारी भिंतीवर जाऊन आदळायची. चार दिवस त्याने वायरी उपसल्या, सेल बदलले. पाचव्या दिवशी ओरडत आला, "अक्का, ही उन्हात आंधळी व्हायली!" उन्हातही इन्फ्रारेड असतोच, तो सेन्सरमध्ये शिरून गोंधळ घालत होता. मग त्याने साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सेन्सरभोवती आडोसा केला. गाडी भर दुपारी सरळ चालली.

जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी माहितीचा कागद मी लिहिला. मी साहित्याची विद्यार्थिनी, मोठी बहीण, इंग्रजी बरं असलेली. दुसरं कोण लिहिणार? छान गुळगुळीत लिहिला. त्याने कच्च्या वहीत पुठ्ठ्याचं आणि आंधळेपणाचं पानभर लिहिलं होतं, ते मी गाळलं. साबणाचं खोकं! ते काय सांगायचं परीक्षकांना?

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, इंग्रजीत. हा पुठ्ठा कशासाठी? त्याने हातातल्या कागदात शोधलं. कागदात पुठ्ठा नव्हताच. तो गप्प. मग त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, हे तू केलंस की घरच्यांनी? मी मागे मोबाइलवर व्हिडिओ काढत उभी होते. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ते त्या व्हिडिओत आहे. मी तो अजून पुसलेला नाही, परत पाहिलेलाही नाही.

बसमध्ये संतपूर येईपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "पुठ्ठ्याचं मी सांगलो असतो की. पण तू तर तेच काढून टाकलीस."

नंतर मी या स्पर्धांबद्दल वाचत बसले (अपराधी वाटलं की मी वाचते). १९८१ मध्ये तोक्योत मासाहिरो मोरी या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं होतं: दोन सेल घ्या आणि एक माणूस वाहून नेईल अशी गाडी करा. रोबोट स्पर्धांचा एक मोठा प्रवाह तिथून निघाला. आशियातली एबीयू रोबोकॉन २००२ मध्ये सुरू झाली आणि दोनदा आपल्या पुण्यात आली. २००८ला विषय होता चक्क दहीहंडी. २०१४चा विषय वाचून मात्र मी थांबले. पालकत्वाला सलाम. एक रोबोट पालक, दुसरा मूल. पालकाने मुलाला सीसॉवर खेळवायचं, झोका द्यायचा. पण शेवटच्या जंगल जिमवर चढायचं ते मुलाने. मी तर पहिल्या पायरीपासून त्याला कडेवरच घेतलं होतं.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ओसरीवर नवा चार्ट पसरला होता. कडेला त्याने स्वतः लिहिलेला कागद, अर्धा कन्नड, अर्धा मराठी, मध्येमध्ये इंग्रजी, स्पेलिंगच्या चुकांसकट. सर्वांत वर पुठ्ठ्याचं चित्र.

"वाचू का?" मी विचारलं.

"वाच की," तो म्हणाला. "पण ते पेन ठेव तिकडं."