कासव, बगळा आणि आजीचे गुडघे

वर्सोव्याच्या त्या घरात डिसेंबरअखेर कोबेहून मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू आले, तेव्हा बोलण्याचा विषय जपान हाच असणार हे उघड होते. नातवाने पहिल्याच सायंकाळी मात्सुयामा शहराची छायाचित्रे आजीपुढे धरली. १६०२ मध्ये बांधावयास घेतलेला डोंगरमाथ्यावरील किल्ला, शिकोकू बेटाच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या यात्रेतील एक्कावन्नावे इशितेजी मंदिर आणि दोगो येथील गरम पाण्याचे १८९४ चे लाकडी स्नानगृह. दोगोची दंतकथा त्याने रंगवून सांगितली. पाय दुखावलेला एक पांढरा बगळा रोज येऊन झऱ्यात पाय बुडवी, आणि एके दिवशी बरा होऊन उडून गेला.

"तूही चल ना आजी. तुझे गुडघे बरे होतील," तो म्हणाला.

मुलाने हाच धागा पकडला. डॉक्टरांनी गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया सुचवून दोन वर्षे झाली होती. आजी दर वेळी "चातुर्मास होऊ दे", "दिवाळी जाऊ दे" म्हणून टाळत असत. कारण त्या कोणाला सांगत नसत, पण सुनेला ते ठाऊक होते. शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर मांडी घालून बसता येणार नाही, खमासमण देता येणार नाही, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. रोज पहाटे कटासणे अंथरून अठ्ठेचाळीस मिनिटे सामायिक करणाऱ्या बाईला ही अट मान्य होणे कठीणच.

आजींनी विषय बदलला. "किल्ला, मंदिर आणि गरम पाणी पाहायला समुद्र कशाला ओलांडायचा? एका दिवसात तिन्ही दाखवते."

आता, वर्सोव्याला किल्ला आहेच. खाडीपलीकडे मढला पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. पण तो वायुदलाच्या ताब्यात, म्हणून बाहेरूनच पाहावा लागतो. आजींच्या मनात निराळी वाट होती. नवकारशी करून, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि खाकऱ्यांचा डबा घेऊन मंडळी मोटारीने विरारकडे निघाली.

आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन झाले. या तीर्थाशी मोतीशा शेठांचे नाव जोडलेले आहे. चीनशी जहाजांनी व्यापार करणारे, भायखळ्याचे देरासर आणि पालिताण्याची टुंक उभारणारे, १८३६ मध्ये दिवंगत झालेले हे शेठ. विसाव्या तीर्थंकरांचे लांछन कासव, हे नातवाला ठाऊक नव्हते. जपानात कासव दीर्घायुष्याचे चिन्ह मानतात, हे त्याने लगेच ऐकवले. दर्शनानंतर सर्वजण उपाश्रयात वंदनासाठी गेले. तेथे एक वयोवृद्ध साध्वीजी खुर्चीवर बसून स्वाध्याय करीत होत्या. आजींनी भिंतीचा आधार घेत कष्टाने वंदन केले. साध्वीजींनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले, धर्मलाभ दिला, आणि इतकेच विचारले, "किती दिवसांपासून?" आजी म्हणाल्या, "दोन वर्षे." पुढे कोणीच काही बोलले नाही.

सोपाऱ्यात आज इमारतींच्या गर्दीत पाहण्यासारखे फार उरलेले नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी येथील स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथलाच. परंतु जैन मनुष्याने सोपारा ओलांडून जाताना क्षणभर थांबावे, ते दुसऱ्याच एका कारणासाठी. परंपरा सांगते की, बारा वर्षांच्या दुष्काळात सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लाख मोलाचा भात शिजत होता, आणि त्यांच्या पत्नी ईश्वरी त्यात विष कालवण्याच्या बेतात होत्या. उपासमारीने झिजण्यापेक्षा एकदम मरण बरे, हा विचार. इतक्यात वज्रसेनसूरी गोचरीसाठी आले आणि म्हणाले, उद्या सुकाळ होईल. धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली, सारे कुटुंब वाचले, आणि त्यांच्या चार पुत्रांनी दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर ही चार कुले त्यांच्याच नावांची. आजींनी ही कथा मोटारीतच सांगितली. नातवाने विचारले, "पण महाराज एक दिवस उशिरा आले असते तर?" आजी खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

वसईचा किल्ला पाहून मुलगा खट्टू झाला. मात्सुयामाचा बुरूज लाकडी असून शतकांनंतर उभा आहे. वसईच्या दगडी चर्चना मात्र छप्परही नाही, आणि भिंतींवर प्रेमिकांची नावे कोरलेली. तरी इतिहासाच्या वजनात वसई कमी भरत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने ती पोर्तुगीजांना दिली, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच गावी इंग्रजांशी तह करून स्वराज्य गहाण टाकले. गहाणखतावरील सही सोपी, सोडवणूक अवघड, एवढेच त्यावर म्हणता येईल.

वसई जिंकल्यास देवीचे मंदिर बांधीन, हा चिमाजी अप्पांचा नवस वज्रेश्वरीला फेडला गेला. मंदिराला किल्ल्यासारखा कोट आणि बावन्न पायऱ्या. आजी खालीच थांबल्या. वर गेलेला नातू धावत परतला. "आजी, पायरीवर सोनेरी कासव आहे! सकाळचेच!"

तेथून जवळच, तानसा नदीकाठी, अकलोलीची कुंडे. लोककथा म्हणते, हे पाणी देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त. भूगर्भशास्त्र म्हणते, पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. कोकणपट्टीत ज्वालामुखी जागृत नसताही असे झरे आहेत. मुलाने आईला पाण्यात पाय सोडण्याचा आग्रह केला. आजींचा नियम होता, नदी-तलाव-कुंडात उतरून स्नान करायचे नाही.

"पण आजी, पाणी आधीच तापलेले आहे. घरी तू उकळून पितेस, तसेच. यात जीव कुठले?" नातवाचा युक्तिवाद सुबक होता.

आजी म्हणाल्या, "हाच प्रश्न राजगृहीच्या गरम झऱ्याविषयी निघाला होता. भगवतीसूत्रात आहे. प्रभूंनी गौतमस्वामींना सांगितले, त्या पाण्यात उष्ण योनीचे जीव जन्म घेतात. उष्णताच त्यांचे घर. आपण चुलीवर उकळलेले पाणी निराळे आणि हे निराळे."

नातू बराच वेळ वाफेकडे पाहत राहिला. मग त्याने डब्यातले गाळण्याचे वस्त्र मागितले, छोट्या बादलीत पाणी गाळून घेतले, आणि वस्त्र उलटे करून जिवाणी त्याच कुंडात परत सोडली. "थंड पाण्यात टाकली असती तर त्यांना थंडी वाजली असती," तो म्हणाला. गाळल्याने अप्कायाची विराधना टळत नाही, हे आजी जाणून होत्या. पण मुलाने घेतलेली जयणा मोडण्याचे त्यांच्या जिवावर आले. पायरीवर बसून त्यांनी दोन तांबे पाणी गुडघ्यांवर घालू दिले. बगळ्यासारखे काही झाले नाही. उठताना दोघांचा आधार लागलाच.

सूर्य उतरत होता. चौविहाराची वेळ साधण्यासाठी गणेशपुरीचा बेत रद्द करून, मोटार एका झाडाखाली थांबवून डबे उघडले. पाणी पिऊन आजींनी पच्चक्खाण घेतले. घोडबंदरच्या गर्दीत मोटार अडकली तेव्हा सून व नातू झोपले होते.

"आगाशीच्या महाराजसाहेब खुर्चीवर बसल्या होत्या," आजी म्हणाल्या.

"हो. पाहिले मी."

पुढचा दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.

"तुझी रजा किती तारखेपर्यंत आहे रे?"

"दहा जानेवारी. वाढवता येईल, आई."

आजी बोटांच्या पेरांवर दिवस मोजू लागल्या.