बातमीदार, मु. पो. मनोर

टीव्हीवर बातम्या लागल्या की आपण बघतो तो वाचणाऱ्याचा चेहरा. माझ्या पिढीला तर तेच वळण लागलेलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्याकडे मनोरला उंच बांबूवर अँटेना चढवायची आणि मुंग्या मुंग्या दिसणाऱ्या पडद्यावर चित्र शोधत बसायचं. स्मिता पाटील, प्रदीप भिडे ही मंडळी घरातलीच वाटत. भिडे २०२२ साली गेले तेव्हा मला दिवसभर चुकल्यासारखं होत होतं. पण ते वाचत ती बातमी आणायला कोण गेलं होतं, हे कुणी विचारत नसे.

मी विचारू लागले ते माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. नाव लिहीत नाही, त्याला चालायचं नाही. निबंधाचा विषय 'माझा आवडता ऋतू' असो की 'विज्ञान शाप की वरदान', हा पठ्ठ्या दुसऱ्या परिच्छेदात मस्तान नाक्यावर येऊन पोचायचा. कुठला ट्रक उलटला, कोण कोण धावलं, पोलीस किती वाजता आले. मार्क कापावे लागत, पण वाचायला मजा यायची!

२००४ च्या सुमारास तो बोईसरला एका केबलवाल्याकडे लागला. मला एकदा आग्रहाने घेऊन गेला होता. न्यूजरूम म्हणजे एक खोली, मागे निळा पडदा, एक टेबल आणि बंद ठेवलेला पंखा (आवाज रेकॉर्ड होतो म्हणून). कॅमेरा यानेच धरायचा, प्रश्न यानेच विचारायचे आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बातम्याही यानेच वाचायच्या. खाली साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत असे. औद्योगिक वसाहतीतली आग, ग्रामसभेतली भांडणं, दहावीचा निकाल, नवरात्रातला गरबा. लोक आवडीने बघत, कारण त्यात आपण किंवा आपला शेजारी दिसण्याची शक्यता असे.

पुढे २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आलं, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. सगळ्यांनाच गावोगावी माणसं हवी होती. हा स्ट्रिंगर झाला. स्ट्रिंगर म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं. पगार नाही. बातमी लागली तर तिचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. हातात वाहिनीचं नाव लिहिलेला माइक, त्याला ते बूम म्हणतात. तो बघून लोकांना वाटतं, केवढा मोठा साहेब! सुरुवातीला कॅसेट घेऊन पालघर स्टेशनवर पळायचं आणि मुंबईला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायची. आता मोबाइलवरच शूटिंग आणि मोबाइलवरूनच पाठवणं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. आता जिल्ह्याचं ठिकाण आपलं, बातम्यांना काय तोटा! पैशांचं मात्र विचारू नका. एका वाहिनीने त्याचे कित्येक महिन्यांचे पैसे बुडवले. नाक्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान आहे म्हणून घर चालतं.

पण त्याला पैशांपेक्षा जास्त लागतं ते वेगळंच. तो बातमी कळवतो तेव्हा मुंबईच्या असाइनमेंट डेस्कवरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गेले?"

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. ऐन थंडीत लोक लेकराबाळांना घेऊन अंगणात झोपत होते. हा जाऊन भिंतींच्या भेगा, उघड्यावर पेटलेल्या चुली, सगळं चित्रीत करून पाठवत होता. एखादी पट्टी सरकायची, बस. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला, घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची पोर गेली, आणि दुसऱ्या दिवशी ओबी व्हॅन हजर.

चारोटीचंही तेच. महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाशी तीन पदरांचे दोन होतात. तिथल्या अपघातांवर त्याने एक सविस्तर बातमी करून पाठवली होती. "यात व्हिज्युअल नाही" म्हणून परत आली. मग ४ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी सायरस मिस्त्रींची गाडी त्याच पुलाच्या कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दोघे गेले. याचा फोन रात्रभर वाजत होता. ज्यांनी कधी नाव विचारलं नव्हतं ते हिंदी वाहिन्यांवरून "जी सर" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी डेस्कवरून फोन, "ते पुलाचं जुनं शूट आहे का रे तुझ्याकडे?" होतं. लागलं. त्याचे पैसेही वेळेवर आले. हे मला सांगताना तो चहाची बशी फिरवत बसला होता.

गडचिंचल्याबद्दल तर तो अजून नीट बोलत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. त्याआधी आमच्या भागात चोर फिरतात, मुलं पळवतात अशा अफवा पसरल्या होत्या. गावोगाव रात्रीचे पहारे होते. हे शेंबड्या पोरालाही माहीत. याने फोनवर तेच सांगितलं, पण स्टुडिओत भलतीच चर्चा रंगली होती, याचा आवाज मध्येच तुटला. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना सांगावं लागलं की पकडलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. चर्चा करणारे आपापल्या घरी गेले. याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, त्याच पाड्यांवर जायचं होतं.

मुंबईहून येणाऱ्या बातमीदाराला जे कळणार नाही ते हेच. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी केली तो आठवडी बाजारात समोर उभा असतो. ज्या सरपंचांना अडचणीचा प्रश्न विचारला त्यांच्याच घरचं लग्नाचं आमंत्रण येतं. त्याला जावंही लागतं.

दिवाळीत त्याची बायको फराळ घेऊन आली होती. म्हणाली, "बाई, ते तुमचं ऐकतात. सांगा ना, हे सोडा आणि दुकान बघा. पोरगी यंदा बारावीला आहे." तिचं काही चूक नाही. मी हो-नाही काहीच बोलले नाही, चकल्या छान झाल्यात म्हटलं.

एका पाड्यावरची पोरं पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून ओहळ ओलांडून शाळेत जातात. त्याने ते तीन पावसाळे चित्रीत केलं आहे. तिन्ही वेळा डेस्कवरून एकच शब्द आला, "होल्ड". पाऊस लागला की चौथ्यांदा जाणार आहे म्हणाला. बायकोला सांगितलेलं नाही त्याने. मीही नाही सांगितलं.