मिठाचे पाणी, तांब्याची तार आणि पुस्तकातला क्लोरीन



मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन घरी सहज करता येते. काचेच्या पेल्यात पाणी, दोन चमचे मीठ, 9 व्होल्टची बॅटरी आणि तांब्याच्या दोन उघड्या तारा, बस्स! तारा एकमेकींना टेकू देऊ नका. घरातल्या प्लगची वीज मात्र कधीही वापरायची नाही.

आधी मुलांना विचारा, काय होईल? पाठ केलेले उत्तर येते: ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर क्लोरीन. आता बॅटरी जोडा. ऋण टोकाच्या तारेवर भराभर बुडबुडे येतात, तो हायड्रोजनच. पण धन टोकाकडे बुडबुडे दिसतच नाहीत म्हणा ना! उलट पाणी गढूळ होऊन पिवळट-केशरी गाळ जमू लागतो.

इथे "प्रयोग चुकला" म्हणून पेला उचलू नका. मूल वहीत 'क्लोरीन' लिहीत असेल तर त्याला थांबवा आणि धन टोकाची तार नीट बघायला सांगा. ती झिजलेली दिसेल. मग तांबे गेले कुठे?

पुस्तकातला क्लोरीन खोटा नाही. तिथे धनाग्र न विरघळणारे असते. आपल्या पेल्यात मात्र क्लोराइड आयनापेक्षा तांबेच सहज इलेक्ट्रॉन सोडते आणि पाण्यात उतरते. ऋणाग्राजवळ तयार झालेल्या हायड्रॉक्साइडशी संयोग होऊन तो रंगीत गाळ बनतो. तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणातही अशुद्ध तांब्याचे धनाग्र असेच विरघळते.

आता ताज्या मिठाच्या पाण्यात, दोन्ही बाजूंना दोन्ही टोकांनी तासलेल्या पेन्सिली लावून बघा. धन टोकाकडे बुडबुडे येतात आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. तोच क्लोरीन! खिडकी उघडी ठेवा, पेल्यावर वाकून वास घेऊ नका, दोन मिनिटांत बॅटरी काढा.

तांब्याचे पाणी मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, ते माशांना घातक असते. आपण खडकवासल्यात राहतो, इथल्या धरणाचे पाणी पुणे पिते. ते पाणी झाकणाच्या बाटलीत भरा, वर चिठ्ठी लावा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.

वहीत दोन रकाने करा: 'मला काय वाटले' आणि 'मला काय दिसले'. दोन्ही जुळले नाहीत तरी गुण कापू नका. खरे विज्ञान तिथूनच सुरू होते.