शेळीला विचारून झाड लावा

नेवासा म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते आणि शनिशिंगणापूरची पाटी. पुण्याहून पहाटे निघायचं, नगरला (कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) मिसळ हाणायची, इमामपूरचा घाट उतरून पांढरीपुलाला चहा घ्यायचा आणि अकराच्या आत पैस खांबापुढे हात जोडून मोकळं व्हायचं. मग गाडी थेट वेरूळला. नेवाशात कुणी ‘राहत’ नाही. मी मात्र मे महिन्यातला एक अख्खा वीकएण्ड तिथे काढला. ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: उन्हाळ्यात? तिथे? कशाला?

कारण होतं चारा. हसू नका. तुमच्या कॅपुचिनोवर जो फेस येतो ना, तो नगर जिल्ह्यासारख्या दूधवाल्या भागांतूनच येतो आणि मे महिन्यात त्याची खरी परीक्षा असते.

पहिला स्टॉप घोडेगाव. हायवेला लागूनच इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. काळ्याभोर म्हशी, शिंगांना रंग, धूळ, आरडाओरडा, रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव. शेअर मार्केटवाल्यांनी जरूर बघावा असा प्रकार. विकणारा दूध किती ते सांगत असतो, पण घेणाऱ्याचा प्रश्न वेगळाच: “खाती काय?” म्हैस परवडते की नाही हे बाजारात ठरत नाही, ते तुमच्या दावणीत काय पडणार यावर ठरतं.

नेवासा तालुका समजून घ्यायला नकाशा नको, फक्त हिरवा रंग कुठे संपतो ते बघायचं. मुळा धरणाचं कालव्याचं पाणी पोचतं तिथवर ऊस. सोनईला साखर कारखाना, भेंड्याला साखर कारखाना. पाणी संपलं की माळ सुरू. हिवाळ्यात ऊसतोड चालू असते तोवर वाढे मिळतात, म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. कारखान्यांचा पट्टा पडला की वाढे बंद. पावसाळ्यातलं माळावरचं गवत तोवर वाळून काडी झालेलं. एप्रिल ते जून या अडीच-तीन महिन्यांत जनावराने खायचं काय? २०१९च्या दुष्काळात याच प्रश्नापायी जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या आणि माणसं आपली गुरं घेऊन तिथेच मुक्कामाला गेली होती.

उत्तर माळावरच उभं होतं. एका बाभळीखाली वीसेक शेळ्या गोळा झालेल्या आणि एक मावशी लांब काठीला लावलेल्या आकडीने फांद्या हलवत होत्या. करड्या, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा खाली पडायच्या, शेळ्यांची झुंबड उडायची.

“मावशी, ही बाभळ कुणी लावली?”

“बाभळ कोण लावतं का बाई! शेळ्याच लावत्यात.”

मला वाटलं गंमत करतायत. पण हा त्यांचा अगदी सायंटिफिक फंडा निघाला. बाभळीचं बी कडक कवचाचं. शेळीच्या पोटातून जाऊन आलं की कवच मऊ होतं आणि ते लवकर रुजतं. म्हणून तर रोपवाटिकावाले शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून बी गोळा करतात.

माळावर झाड का हवं, याचं गणित साधं आहे. गवताची मुळं वरवरची, पाऊस संपला की खेळ खलास. वाळलेल्या गवतात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, म्हणजे पोट भरतं पण अंग धरत नाही. झाडाची मुळं खोल. अंजनाला तर ऐन एप्रिलमध्ये, सगळं करपलेलं असताना, कोवळी पालवी फुटते. हिवर, बाभूळ यांच्या शेंगा उन्हाळ्यातच गळतात, बोरीचा पाला शेळी काट्यांसकट ओरबाडते. हा सगळा आपला देशी मेन्यू, कुणी रेसिपी शोधायला गेलं नव्हतं.

सुबाभळीची कथा मात्र वेगळी, तिला ‘लाँच’ केलं गेलं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बायफ’ सुरू केली आणि या संस्थेने १९७०च्या दशकापासून सुबाभळीचा देशभर प्रसार केला. भराभर वाढते, कितीही छाटली तरी फुटते, पाल्यात वीस टक्क्यांवर प्रथिनं. सुपरस्टारच! पण तिच्यात मिमोसीन नावाचा घटक असतो. घोड्याने जास्त खाल्ली तर आयाळ झडते, म्हणून चाऱ्यात तिचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आतच ठेवायचा. ऑस्ट्रेलियातली गुरं सुबाभळीने आजारी पडायची, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काहीच होत नसे. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तर हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे मिमोसीन पचवणारे जिवाणू सापडले. ते जिवाणू १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या गुरांना दिले आणि काम फत्ते. जिवाणूंची आयात! मला ही गोष्ट सॉलिड आवडते.

शेजारच्याच राहुरी तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. चाऱ्याची पिकं आणि गवतं यांवर तिथे वर्षानुवर्षं काम चालू आहे, संगमनेरी शेळीवरही. माळावर नुसती झाडं नाही, तर झाडांच्या विरळ ओळी आणि मधे मारवेलसारखं चांगलं गवत, अशी जोडी जमवायची असते. झाडं दाट झाली की सावलीने गवत मरतं. पाणी मुरायला उताराला आडवे चर खणायचे आणि चराच्या मातीवर रोपं लावायची. झालं? नाही. खरी गोची इथून पुढे आहे.

लावलेलं रोप पहिली दोन-तीन वर्षं शेळीच्या तोंडापासून वाचवायचं. म्हणजे चराईबंदी. याचं जिल्ह्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान पाळायचं ठरवलं. डोंगरावर चर खणले, झाडं लावली, गवत राखलं. गवत चारायचं नाही, विळ्याने कापून घरी न्यायचं. १९९०च्या दशकाच्या मध्यात गावात दिवसाला दीडशे लिटर दूध निघत होतं, ते पुढे चार हजारांच्या घरात गेलं. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. गाव बघण्यासारखं आहेच.

पण मी हिवरे बाजारचं कौतुक मावशींना सांगायला लागले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

“ज्याच्या गोठ्यात म्हैस हाय, त्यो गवत कापून नेईल. माझ्या शेळ्या काय गोठ्यात बसून खात्यात व्हय? आन मला रान कुठं हाय?”

हा मुद्दा कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नसतो. कापून नेलेलं गवत खायला गाय-म्हैस लागते, ती घ्यायला पैसे लागतात. शेळी ही बिनजमिनीच्या बाईचं एटीएम. पोराची फी आली की एक बोकड विकायचा. धनगरांचं तर विचारूच नका. त्यांचे वाडे पावसाच्या मागे मागे फिरतात आणि परत येतात तेव्हा कालचं गायरान ‘बंद’ झालेलं असतं. माळ एकदम न अडवता तुकड्या-तुकड्याने राखला, एक भाग बंद तर दुसरा खुला, आणि ते ठरवताना शेळ्यावाल्यांना बैठकीत बसवलं, तर जमू शकतं. मावशींना कुणी बैठकीला बोलावलंय का, असं मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

अजून एक गिऱ्हाईक आहे, त्याला तर मतही देता येत नाही. माळढोक. १९७९ साली त्याच्यासाठी जे अभयारण्य जाहीर झालं, त्यात सोलापूरबरोबर नगर जिल्ह्यातला भागही होता आणि त्यात नेवासाही होतं! साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे अभयारण्य नंतर छाटून बरंच लहान केलं गेलं. माळढोकाला मोकळा माळ लागतो. तो उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. दाट झाडी त्याला नकोच. म्हणजे सरकारी कागदावर ‘पडीक’ लिहिलेली जमीन कुणाचं तरी घर असतं. पक्षी आता जवळजवळ गेलाच, पण त्या माळावरचे चिंकारे, लांडगे, कोल्हे अजून तग धरून आहेत.

२०१६च्या १ जुलैला राज्यात दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली, २०१७ला चार कोटी, मग तेरा, मग तेहतीस. आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाढत गेले. आपल्या कंपन्यांच्या टी-शर्टवाल्या ड्राइव्हही याच जातीच्या. पुढच्या वेळी एचआरचा मेल आला की दोनच प्रश्न विचारा: झाड कोणतं? आणि त्या जमिनीवर आत्ता कोण चरतंय? उत्तर ‘निलगिरी’ असेल तर सुट्टी टाका. शेळी ती तोंडातसुद्धा धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवाशात प्रवरेच्या काठावर फिरले. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ती माणसंसुद्धा गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळत होती. त्यांनी उन्हाळा कसा काढला असेल? मी उभी होते तिथून पलीकडच्या काठावर एक बकरू मागच्या दोन पायांवर उभं राहून बोरीची फांदी खाली ओढत होतं.

कसं जाल? पुणे ते नगर सुमारे १२० किलोमीटर, तिथून संभाजीनगर रस्त्याने नेवासा आणखी साठेक. नगरहून एसटी मिळते. पैस खांब, मोहिनीराजाचं मंदिर आणि प्रवरासंगम एका दिवसात होतं. माळ बघायचा तर दोनदा या: गवत कमरेएवढं असतं तेव्हा सप्टेंबरात आणि काहीच नसतं तेव्हा मेमध्ये. टोपी, भरपूर पाणी घ्या. आणि शेळ्यांपासून बिस्किटांचा पुडा लांब ठेवा.