प्राँगहॉर्नसाठी गोळी

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
ऑगस्टअखेर

चि. छकुलीस,


प्राँगहॉर्नच्या शिकारीचा परवाना तुला सोडतीत लागला, हंटर एज्युकेशनचा वर्ग पुरा झाला आणि 6.5 क्रीडमूरची रायफलही घरी आली, हे तुझ्या पत्रावरून कळले. आता दुकानातल्या काडतुसांच्या डब्यांपुढे उभी राहून यातला कोणता उचलू, असे तू विचारतेस. याचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

मामाचे म्हणणे आधी ऐक. गोळी निवडताना तीन गोष्टी पाहायच्या आणि त्या याच क्रमाने: जनावर लवकरात लवकर मरेल का, ती गोळी तुझ्याच रायफलीतून नेमकी जाते का, आणि मांसात व मागे टाकलेल्या आतड्यांत ती काय सोडून जाते. डब्यावर छापलेला वेग आणि शिंगांचे चित्र यांचा विचार त्यानंतर.

आधी जनावराविषयी. इथले लोक प्राँगहॉर्नला सरसकट अँटिलोप म्हणतात, पण तो आपल्या काळविटाच्या कुळातला नाही. आज जिवंत असलेल्यांत त्याचे जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी. पूर्ण वाढलेला नर साधारण 45 ते 60 किलोंचा. धावण्याचा वेग ताशी 88 किलोमीटरच्या आसपास, नजर विलक्षण तीक्ष्ण आणि राहणे झुडपांच्या, गवताच्या उघड्या माळावर. त्यामुळे शिकाऱ्याला फार जवळ जाता येत नाही. 200 ते 300 यार्डांवरून गोळी झाडण्याची वेळ नेहमी येते. हृदय आणि फुप्फुसे असलेला भाग जेमतेम आठ इंच व्यासाचा. याउलट म्यूल डिअर या हरणाचा मोठा नर 90 किलोंच्याही पुढे जातो, त्याची हाडे जाड आणि छाती खोल असते. म्हणजे एकाच दुकानातून, बहुधा एकाच रायफलीसाठी काडतुसे घेणाऱ्या शिकाऱ्यांना दोन वेगळ्या शरीरांचा विचार करावा लागतो.

कोलोरॅडोचा कायदा किमान मर्यादा घालून देतो. हरीण आणि प्राँगहॉर्नसाठी रायफल .24 कॅलिबरपेक्षा लहान नको, गोळी किमान 70 ग्रेनची आणि आदळल्यावर पसरणारी हवी, आणि 100 यार्डांवर तिची ऊर्जा किमान 1000 फूट-पाउंड असावी. (7000 ग्रेन म्हणजे एक पाउंड, 120 ग्रेनची गोळी पावणेआठ ग्रॅमची.) पसरणारी गोळीच हवी, ही अट युद्धाच्या नियमाच्या अगदी उलट आहे. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात ब्रिटिशांनी उघड्या टोकाच्या गोळ्या बनवल्या, आणि 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी आली. म्हणून सैनिकाची गोळी सहसा धातूच्या कवचात बंद असते. तीच गोळी हरणाला मारली तर ती अरुंद भोक पाडून आरपार जाण्याची भीती असते, आणि जखमी जनावर कोसांवर जाऊन तासन् तास तडफडते. शिकारीत दया दाखवायची तर गोळी पसरलीच पाहिजे, आणि पसरूनही खोल गेली पाहिजे.

हे दोन्ही एकत्र साधणे किती अवघड आहे, ते जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात कळले. चिखलाने माखलेल्या एका मोठ्या मूसवर त्यांनी .300 एच अँड एच मॅग्नममधून गोळ्या झाडल्या. वेग भरपूर होता. पण गोळ्या वरच्या वर फुटत होत्या, आत पोचत नव्हत्या. घरी परतल्यावर त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवला. पुढच्या खणातले शिसे फुलायचे, मागच्या खणातले पडद्याआड शाबूत राहून गोळीला पुढे रेटायचे. 1948 पासून ही ‘पार्टिशन’ गोळी बाजारात आहे आणि आजही विकली जाते. पुढे काही कारखानदारांनी शिशाचा गाभा कवचाला पक्का जोडून टाकला. नॉस्लरचीच ‘अ‍ॅक्युबाँड’ त्या जातीची.

मात्र मूससाठी योग्य ठरलेली कणखर गोळी बारीक अंगाच्या जनावराला चालेलच असे नाही. टेक्सासच्या केर काउंटीत 1932 मध्ये भारतातले काळवीट आणून सोडले गेले. त्यांची संख्या वाढली आणि आज तिथल्या खासगी कुरणांवर त्यांची शिकार होते. आपल्याकडे त्याच काळविटाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण अभय आहे, रेहेकुरीचे अभयारण्यच त्याच्यासाठी आहे. टेक्सासातल्या काळविटाची छाती इतकी अरुंद की फार कठीण गोळीला आत फुलायला जागाच मिळत नाही. प्राँगहॉर्नची गत फारशी वेगळी नाही. त्याच्यासाठी गोळी पहिल्या इंच-दोन इंचांतच उघडायला लागावी.

आता अंतर. नळीतून निघताना गोळीचा वेग सर्वांत जास्त असतो आणि हवेच्या विरोधाने तो सतत घटत जातो. 50 यार्डांवर गोळी प्रचंड वेगाने आदळते आणि नाजूक बांध्याची असेल तर खांद्याच्या हाडावरच चुरा होते. अर्ध्या खांद्याचे मांस रक्ताळून वाया जाते. 400 यार्डांवर तीच गोळी इतकी मंदावलेली असू शकते की उघडतच नाही. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना उघडायला सेकंदाला साधारण 1800 फूट वेग लागतो. तांब्याच्या गोळ्यांसाठी 2000 धरलेला बरा. डब्यावरच्या किंवा कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक अंतरावरचा वेग दिलेला असतो. आपण जिथवर गोळी झाडणार आहोत त्या अंतरासमोरचा आकडा वाचायचा, नळीच्या तोंडाशी असलेला नव्हे.

गोळीचे टोकही महत्त्वाचे. टोकाला बसवलेला प्लॅस्टिकचा काटा हवा कापतो आणि आदळताच मागे दाबला जाऊन गोळी उघडतो. डॉप्लर रडारने गोळ्यांचा पाठलाग करताना हॉर्नडी कंपनीच्या लोकांना दिसले की हवेच्या घर्षणाने ही टोके तापून मऊ पडतात आणि गोळीचा आकार बिघडतो. त्यांनी 2015 मध्ये जास्त उष्णता सोसणाऱ्या टोकाची ‘ईएलडी-एक्स’ आणली. हा फरक लांबच्या अंतरावर जाणवतो. 200 यार्डांच्या आत राहणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजले नाहीत तरी चालेल.

नेमकेपणाच्या बाबतीत नवशिक्यांची एक मोठी फसगत होते. कागदावर सर्वांत लहान गट (लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा) पाडणारी गोळी शिकारीलाही सर्वांत चांगली, असे त्यांना वाटते. सिएरा कंपनीची ‘मॅचकिंग’ स्पर्धांत गाजलेली आहे, पण शिकारीसाठी ती वापरू नये असे कंपनीच सांगते. जनावराच्या अंगात ती कधी फुटते, कधी सरळ निघून जाते. 100 यार्डांवर दीड इंचाचा गट 300 यार्डांवर साडेचार इंचांचा होतो, म्हणजे आठ इंचांच्या वर्तुळात आरामात बसतो. अर्ध्या इंचाच्या गटापायी खात्रीने उघडणारी गोळी सोडून देण्यात काही अर्थ नाही. त्या आठ इंचांतली उरलेली जागा मात्र धाप, गवतावर डगमगणारे कोपर आणि माळावरचा आडवा वारा भराभर खाऊन टाकतात.

नळीतल्या आट्यांचाही गोळीशी मेळ बसावा लागतो. 1955 मध्ये दोन कंपन्यांनी एकाच व्यासाची दोन काडतुसे आणली. विंचेस्टरच्या .243 च्या नळीत दहा इंचांत एक फेरा होता, रेमिंग्टनच्या .244 च्या नळीत बारा इंचांत एक. बारा इंचांचा फेरा 75 ते 90 ग्रेनच्या गोळ्यांना पुरायचा. हरणांसाठी लोकांना हव्या असलेल्या लांब, 100 ग्रेनच्या गोळ्या त्यातून स्थिर जात नसत. हरणांचे शिकारी .243 कडे वळले. रेमिंग्टनने 1963 मध्ये त्याच काडतुसाला 6 एमएम रेमिंग्टन असे नाव देऊन नऊ इंचांचा फेरा दिला, तोवर बाजार हातचा गेला होता. तुझ्या क्रीडमूरच्या नळीत सहसा आठ इंचांत एक फेरा असतो, त्यामुळे लांब गोळ्यांची तुला अडचण नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मामाचा विशेष जोर आहे. शिशाची गोळी फुलते तेव्हा तिचे बारीक कण जखमेच्या मार्गापासून बरेच दूरवर उडतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिशाच्या गोळ्यांनी मारलेली 30 हरणे खाटकांकडे देऊन त्यांच्या खिम्याच्या 234 पाकिटांचे क्ष-किरण फोटो काढले. 32 टक्के पाकिटांत धातूचे कण निघाले. असे मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातले शिसे वाढले. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही, आणि तुझ्या घरात दोन चिमुरडी आहेत.

माळावर टाकून दिलेली आतडी त्यांतल्या शिशासकट गरुड, कावळे आणि गिधाडे खातात. कॅलिफोर्निया काँडॉर, म्हणजे इकडचे प्रचंड गिधाड, 1982 मध्ये जगात फक्त 22 उरले होते. 1987 मध्ये शेवटचा रानातला पक्षीही पकडून पिंजऱ्यात प्रजननासाठी ठेवावा लागला. 1996 पासून अ‍ॅरिझोनाच्या व्हर्मिलियन क्लिफ्समध्ये ते पुन्हा सोडले जात आहेत, आणि तिथेही त्यांच्या मृत्यूंचे मोठे कारण शिसे हेच आहे. अ‍ॅरिझोनाच्या वन्यजीव खात्याने 2005 पासून कायबाब भागातल्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसे फुकट द्यायला सुरुवात केली. सक्ती नसतानाही बहुसंख्य शिकारी सहकार्य करू लागले. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीतल्या शिशावर पूर्ण बंदी घातली. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडे कशी संपत आली आणि 2006 मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी का आणावी लागली, हे तुला माहीत आहे. मढ्यात काय राहते याची जबाबदारी जनावर मारणाऱ्याकडे जाते. कोलोरॅडोत अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीत शिशावर बंदी नाही, तरी इथल्या गरुडांसाठी ती आपण आपल्यापुरती पाळावी, अशी मामाची मनापासून इच्छा आहे.

पर्याय चांगला आहे. बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रुक्स यांनी गाभ्यातले शिसे काढूनच टाकले आणि 1989 मध्ये अख्खी तांब्याची ‘एक्स’ गोळी बाजारात आणली. टोकाच्या पोकळीमुळे ती चार पाकळ्यांत उघडते आणि वजन जवळजवळ गमावत नाही. सुरुवातीच्या गोळ्या नळीत तांब्याचा थर फार सोडत. नंतरच्या ‘टीएसएक्स’ आणि प्लॅस्टिकच्या टोकाच्या ‘टीटीएसएक्स’ या गोळ्यांच्या अंगावर खाचा आल्या आणि तो त्रास बराच कमी झाला. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. एक पायरी हलकी गोळी घेऊन वेग वाढवणे तिथे योग्य. किंमत जास्त आहे, हे खरे. पण एका हंगामात जनावरावर एखाद-दुसरीच गोळी झाडली जाते.

तेव्हा 120 ग्रेनची टीटीएसएक्स आणि त्याच वजनाची हॉर्नडीची तांब्याची ‘सीएक्स’ असा एकेक डबा घे. आधी नळी तांब्याच्या सॉल्व्हंटने स्वच्छ कर, कारण वेगळ्या धातूचा जुना थर गट बिघडवतो. प्रत्येक डब्यातून 100 यार्डांवर थंड नळीने, मध्ये पुरेसा वेळ सोडून गट पाड. तीन गोळ्यांच्या एका गटावर विसंबू नकोस. ज्याचा गट सातत्याने दीड इंचाच्या आत येईल त्याच लॉट नंबरचे आणखी दोन डबे लगेच घेऊन ठेव. मग पालथी पडून 200 आणि 300 यार्डांवर सराव कर. जिथे आठ इंचांच्या ताटलीत सगळ्या गोळ्या बसणार नाहीत ते अंतर यंदा तुझ्यासाठी बंद. जनावर आडवे उभे राहिल्यावरच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धर. फुप्फुसात लागलेले हरीणही शंभर यार्ड पळू शकते. ते कुठे दिसेनासे झाले ती जागा ध्यानात ठेव आणि दुसरे काडतूस लगेच नळीत घाल.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे ये. रेंजवर जागा सकाळी लवकर मिळते आणि तेव्हा वाराही कमी असतो. गट पाडलेले कागद बरोबर आण, प्रत्येकावर गोळीचे नाव, अंतर आणि तापमान लिहून. ताईला आणि भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
मामा