एका डब्यातले तेल

मराठीच्या प्राध्यापकांनी गिअरबॉक्सच्या तेलावर लिहावे हा विषयांतराचा प्रकार वाटेल. तसा तो नाही. आमची चूक मुळात वाचनाची होती आणि वाचन शिकवणे हाच आमचा व्यवसाय आहे.

आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो. आमच्या विभागाचे पूर्वीचे प्रमुख गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सरांची स्टँडर्ड हेरल्ड आमच्या हवाली केली. म्हणाल्या, "उभी ठेवू नका, एवढेच."

आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव सांगावे लागते. इंग्लंडमधील ट्रायम्फ हेरल्ड ही गाडी 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड नावाने तयार होऊ लागली. रेखाटन इटलीच्या मिकेलोत्ती यांचे. पुढचे अख्खे झाकण सुसरीच्या जबड्यासारखे उघडते. अँबॅसडर आणि फियाटचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असे; हिचा मात्र खाली, हाताशी. ट्रायम्फची स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार 1962 साली आली, ती हेरल्डच्याच सांगाड्यावर बेतलेली. परदेशी स्पोर्ट्स कार केवळ चित्रात पाहणाऱ्या पिढीने आपली हौस हेरल्डवर भागवली. सर त्या पिढीतले.

गाडीबरोबर सरांनी जपलेली जुनी पुस्तिकाही मिळाली. तीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल या दोहोंसाठी 'हायपॉइड 90' असे एकच तेल दिले होते. आम्ही दुकानात तोच शब्द उच्चारला. दुकानदाराने डबा दिला. त्यावर 'हायपॉइड' होते, 90 होते आणि शिवाय 'जीएल-5' असेही होते. शेजारी 'जीएल-4'चा डबा होता. चारपेक्षा पाच मोठा, म्हणून चांगला, असा हिशेब आम्ही केला आणि एकाच डब्यातले तेल दोन्हींत भरले.

पुढे आषाढात गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरत होतो. धुके इतके की पुढचे वळण कळत नव्हते. घाटात ब्रेकवर सगळा भार टाकला तर ते तापतात. म्हणून खालच्या गिअरवर उतरायचे, इंजिनाने गाडी धरून ठेवायची. एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकू गेलो, तर करकर आवाज झाला आणि गिअर पडेना. गाडी मोकळी सुटली. तेवढ्या काही क्षणांत शेजारच्या आसनावरून कोणी ओरडलेही नाही, दोघांचेही श्वास अडकले होते. पायाखालचे ब्रेक जीव खाऊन दाबले आणि डोंगराच्या बाजूच्या गटारालगत गाडी कशीबशी थांबली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेले. विचारले, "तुमी त्याल खयचां घातलास, सर?" डबा दाखवल्यावर म्हणाले, "ह्यां मागच्या डिफरन्सलाक बरां. हेका नको."

का नको, ते नंतर समजून घेतले. हायपॉइड हा दात्यांचा एक प्रकार आहे. त्यात दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. तिथे तेलाचा थर तुटू नये म्हणून गंधक-स्फुरदयुक्त रसायने मिसळतात. जीएल-4 मध्ये ती जीएल-5च्या साधारण निम्मी असतात. हेरल्डमध्ये हायपॉइड दाते आहेत ते मागच्या डिफरन्शियलमध्ये, गिअरबॉक्समध्ये नाहीत. गिअरबॉक्समध्ये आहेत पितळी कड्या. गिअर पडण्यापूर्वी ही कडी शंकूवर घासते आणि दोन्ही भागांची गती सारखी करते. तिचे काम घर्षणावरच चालते. तेल फार निसरडे झाले की कडी घसरते, गती जुळत नाही आणि दाते करकरतात. शिवाय त्या जादा रसायनांतली काही तापल्यावर पितळ खातात.

आणि पुस्तिका? ती खोटी नव्हती. ती छापली तेव्हाच्या 'हायपॉइड' तेलात रसायनांचे प्रमाण आजच्या मानाने सौम्य होते. शब्द तोच राहिला, डब्यातला अर्थ बदलला. जुना ग्रंथ आजच्या कोशाने वाचू नये, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. समानार्थी म्हणून दिलेले दोन शब्द कधीच पुरते समान नसतात, हेही सांगतो. दुकानात यातले काहीच आठवले नाही. 90 हा आकडाही फसवा आहे: इंजिन-तेलाची मोजपट्टी वेगळी आणि गिअर-तेलाची वेगळी. गिअरचे 90 हे दाटपणाने इंजिनाच्या 40-50च्या जवळपासच असते.

संस्कृतात तेलालाही 'स्नेह' म्हणतात आणि प्रेमालाही. आम्ही तो दाखला आजवर फक्त गोडव्यासाठी वापरला. स्नेह कुठे किती हवा, याचा विचार त्यात नव्हता.

मिस्त्रींनी गाडी जरा फिरवून, तेल गरम असतानाच काढले. परातीत सोनेरी चुरा चमकत होता. ती पितळी कडीची झीज होती. डिफरन्शियलमधले जीएल-5 तसेच ठेवले. गिअरबॉक्समध्ये 80डब्ल्यू-90, जीएल-4 भरले. लीटरभरही लागले नाही. करकर पुष्कळ कमी झाली, पण गेली नाही. झिजलेले पितळ तेलाने भरून येत नाही.

गाडी घेऊन काकूंकडे गेलो. घडले ते लपवायचे ठरवले होते. त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारली. चढावर दुसरा टाकताना पुसटसा आवाज झालाच. काकू समोर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मध्ये जरा थांबायचे. मी विचारले, तर म्हणायचे, तिला ऐकून घेऊ दे."

परतताना आम्ही न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबलो. दुसरा गिअर आवाज न करता पडला.